‘आय ॲम नोइंग’ का चुकतं? स्थितिदर्शक क्रियापदं आणि इंग्रजीतला चालू काळ

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की पहिल्या मिनिटात दोन प्रश्न ठरलेले. आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का? मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणारे आपल्यापैकी बरेच जण ते असे विचारतात: ‘आर यू हिअरिंग मी?’ आणि ‘आर यू सीइंग माय स्क्रीन?’ समोरच्याला अर्थ कळतो आणि मीटिंग पुढे सरकते. प्रमाण इंग्रजीत मात्र हे प्रश्न ‘कॅन यू हिअर मी?’ आणि ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ असे विचारतात.

शाळेत आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये याचं कारण एका यादीतून शिकवलं जातं. नो, वाँट, लव्ह, बिलीव्ह, बिलाँग, हॅव, सी, हिअर, थिंक ही स्टेटिव्ह म्हणजे स्थितिदर्शक क्रियापदं, त्यांना आयएनजी लावायचं नाही, यादी पाठ करा. मुलं पाठ करतात. मग एखाद्या उताऱ्यात ‘वी आर हॅविंग लंच’ किंवा ‘आय ॲम थिंकिंग ऑफ बाइंग अ कार’ असं अगदी शुद्ध वाक्य समोर येतं आणि पाठ केलेल्या यादीवरचा विश्वास उडतो. मला यादीची ही पद्धत मुळातच अपुरी वाटते. क्रियापद हे कायमचं स्थितिदर्शक किंवा कायमचं कृतिदर्शक क्वचितच असतं. त्या वाक्यात त्याचा जो अर्थ आहे, तो स्थितीचा आहे की कृतीचा, हे बघावं लागतं. आणि हा फरक ओळखायला मराठी माणसाकडे फार चांगलं साधन आहे, ते म्हणजे त्याची मराठी. चूक मराठीमुळे होते हे खरं, पण सुटकाही मराठीतूनच होते.

पहिली पायरी: चालू काळ नेमकं काय सांगतो

‘ही इज रनिंग’ म्हटलं की तीन गोष्टी एकदम कळतात. काहीतरी घडतं आहे, ते आधी सुरू झालं आहे, आणि ते संपणार आहे. धावण्याला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. आपण मधोमध उभे राहून त्याकडे बघतो आहोत, असं चालू काळ सांगतो.

आता ‘ही नोज द आन्सर’ घ्या. उत्तर माहीत असणं यात काही घडत नाही. तो झोपला तरी उत्तर त्याला माहीतच असतं. त्याला मधला टप्पा नाही, वेग नाही. म्हणून त्याकडे ‘चालू आहे’ असं बघण्याची सोयच इंग्रजीत नाही.

1957 साली तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर यांनी क्रियापदांचे चार गट मांडले: स्थिती, नुसती चालत राहणारी कृती, ठरावीक शेवटाकडे जाणारी कृती आणि क्षणात घडून जाणारी घटना. त्यांनी वापरलेली कसोटी आजही वर्गात कामी येते. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ असा प्रश्न विचारा. ‘आय ॲम रनिंग’, ‘आय ॲम रायटिंग’ ही उत्तरं बसतात. ‘आय ॲम नोइंग’ बसत नाही. मराठीतही ‘काय करतोयस?’ या प्रश्नाला ‘माहीत असतोय’ असं उत्तर कोणी देणार नाही.

दुसरी कसोटी आज्ञेची. कृती करायला सांगता येते, स्थितीत राहायला सांगता येत नाही. ‘लिसन!’ म्हणता येतं, कारण ऐकणं आपल्या हातात आहे. ‘ओन अ हाउस!’ किंवा ‘बिलाँग टू मी!’ असा हुकूम सोडता येत नाही. तिसरी कसोटी ‘मुद्दाम’ या शब्दाची. क्रियापदाआधी मुद्दाम घालून बघा. मुद्दाम बघितलं, मुद्दाम चव घेतली, हे चालतं. मुद्दाम दिसलं, मुद्दाम आंबट लागलं, हे चालत नाही. जिथे मुद्दाम बसतं तिथे बहुतेक वेळा आयएनजीही बसतं.

दुसरी पायरी: आपण कुठे घसरतो

मराठी माध्यमात चालू वर्तमानकाळ शिकवताना एक सूत्र दिलं जातं: वाक्याच्या शेवटी ‘त आहे’ दिसलं की ॲम, इज किंवा आर घ्या आणि क्रियापदाला आयएनजी लावा. ‘तो जात आहे’ म्हणजे ‘ही इज गोइंग’. सूत्र सुरुवातीला उपयोगी आहे, पण मराठीतला ‘आहे’ दोन वेगळी कामं करतो हे त्यात सांगितलेलं नसतं. ‘मी लिहीत आहे’ यातला ‘आहे’ काळ दाखवतो. ‘मला माहीत आहे’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘हे घर माझ्या मालकीचं आहे’ यातला ‘आहे’ नुसतं असणं दाखवतो. दोन्हीला एकच सूत्र लावलं की ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग अ कार’, ‘आय ॲम ओनिंग धिस हाउस’ तयार होतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. मराठी स्थितीलाही ‘चालू’ रूप अगदी सहज देते. वाटतंय, दिसतंय, आठवतंय, कळतंय, पटतंय, आवडतंय. बोलीत तर ‘मला वाटतं’ पेक्षा ‘मला वाटतंय’ जास्त कानावर पडतं. मराठीत या रूपातून ‘या घडीला’ हा भाव येतो. इंग्रजीत तोच भाव साध्या वर्तमानकाळातच सामावलेला असतो. ‘आय रिमेंबर हिज फेस’ म्हणजे त्याचा चेहरा आठवतो आणि त्याचा चेहरा आठवतोय, दोन्ही. ‘आत्ता’ दाखवायला आयएनजीची गरजच पडत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका थांबतात.

हिंदी, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषा बोलणारेही इंग्रजीत अशीच वाक्यं करतात, आणि भाषाभ्यासकांनी भारतीय इंग्रजीचं एक लक्षण म्हणून याची नोंद केली आहे. त्यामुळे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणणाऱ्याला अडाणी समजण्याचं कारण नाही. पण परीक्षा, मुलाखत, अर्ज, परदेशी ग्राहकाला पाठवायची मेल, इथे प्रमाण रूप लागतं आणि ते यायला हवं.

तिसरी पायरी: ‘मला’ की ‘मी’

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

मराठीत मनाचे आणि इंद्रियांचे अनुभव ‘मला’ने सुरू होतात. मला वाटतं, मला आवडतं, मला हवं, मला माहीत आहे, मला समजतं, मला आठवतं, मला दिसतं, मला ऐकू येतं. या वाक्यांत मी काही करत नाही, माझ्या बाबतीत ते असतं किंवा होतं. उलट जिथे मी स्वतः काही करतो तिथे मराठी ‘मी’ वापरते: मी विचार करतो, मी बघतो, मी ऐकतो, मी वास घेतो, मी चव घेतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’च येतो, म्हणून फरक झाकला जातो. मराठीत तो उघडा दिसतो.

तेव्हा इंग्रजी वाक्य बनवण्याआधी मनातलं मराठी वाक्य तपासा. ‘मला’ने सुरू होत असेल तर साधा काळ. ‘मी’ने सुरू होत असेल आणि करणं, घेणं, बघणं अशी हालचाल त्यात असेल, तर चालू काळ वापरता येतो.

मला वाटतंय की पाऊस येईल. ‘आय थिंक इट विल रेन.’ मी नोकरी सोडायचा विचार करतोय. ‘आय ॲम थिंकिंग ऑफ लीव्हिंग माय जॉब.’ क्रियापद एकच, थिंक. पहिल्यात मत आहे, दुसऱ्यात डोक्यात चाललेली प्रक्रिया.

मला तुझा मुद्दा समजतोय. ‘आय सी युअर पॉइंट.’ मी उद्या डॉक्टरांना भेटतोय. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो.’ सीचा अर्थ ‘भेटणं’ झाला की ती कृती झाली आणि आयएनजी लागलं. ‘शी इज सीइंग समवन’ म्हणजे तिचं कोणाशी तरी प्रेमप्रकरण चालू आहे, हेही लक्षात असू द्या. सिनेमा बघत असाल तर मात्र सी सोडा आणि ‘आय ॲम वॉचिंग अ मूव्ही’ म्हणा. एखाद्या वस्तूकडे बघत असाल तर ‘आय ॲम लुकिंग ॲट इट’.

मला आवाज ऐकू येतोय. ‘आय कॅन हिअर अ नॉइज.’ मी रेडिओ ऐकतोय. ‘आय ॲम लिसनिंग टू द रेडिओ.’ इथे इंग्रजीने दोन वेगळी क्रियापदंच ठेवली आहेत. आणि इथेच ‘कॅन’ची युक्ती येते. आत्ता, या क्षणी डोळ्यांना, कानांना, नाकाला जे जाणवतंय ते सांगताना इंग्रजी माणूस कॅन वापरतो. ‘आय कॅन सी यू’, ‘आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग’. मीटिंगमधले ते दोन प्रश्न म्हणूनच कॅनने सुरू होतात. ‘कॅन’ म्हणजे ‘शकणं’ एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं, त्यामुळे ‘दिसतंय’साठी कॅन वापरायचं सुचत नाही.

ही कसोटी मनाच्या आणि इंद्रियांच्या क्रियापदांपुरती आहे, सगळ्या ‘मला’ वाक्यांना ती लागू करू नका. ‘मला बरं वाटत नाहीये’ याचं ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’ आणि ‘आय डोंट फील वेल’ दोन्ही बरोबर आहे. दुखण्याचंही तसंच: ‘माय लेग हर्ट्स’ आणि ‘माय लेग इज हर्टिंग’, दोन्ही चालतात. दुसऱ्या बाजूला ‘मी’ने सुरू होऊनही स्थितीच सांगणारी काही वाक्यं आहेत. मी त्याला ओळखतो, मी तिच्यावर प्रेम करतो, मी देवाला मानतो. यात करण्यासारखी हालचाल काही नाही, म्हणून ‘आय नो हिम’, ‘आय लव्ह हर’, ‘आय बिलीव्ह इन गॉड’. शंका आली तर ‘काय करतोयस?’ हा प्रश्न परत विचारा.

चौथी पायरी: येणं, लागणं, असणं आणि घेणं, करणं

वस्तूंच्या बाबतीत ‘मला’ नसतं, पण मराठी तिथेही दोन वेगळी क्रियापदं वापरून मदत करते. स्वयंपाकघरातच बघा. आमटी खारट लागतेय. ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी.’ आई आमटीची चव घेतेय. ‘मदर इज टेस्टिंग द आमटी.’ माशाला वास येतोय. ‘द फिश स्मेल्स.’ गिऱ्हाईक माशाचा वास घेऊन बघतंय. ‘द कस्टमर इज स्मेलिंग द फिश.’ कापड मऊ लागतं. ‘द क्लॉथ फील्स सॉफ्ट.’ ती कापड हात लावून बघतेय. ‘शी इज फीलिंग द क्लॉथ.’ लागणं आणि येणं म्हणजे वस्तूचा गुण, तिथे साधा काळ. घेणं आणि बघणं म्हणजे माणसाची कृती, तिथे चालू काळ.

वजनाचंही असंच. पिशवीचं वजन 10 किलो आहे: ‘द बॅग वेज टेन किलोज.’ दुकानदार पिशवीचं वजन करतोय: ‘द शॉपकीपर इज वेइंग द बॅग.’ मेझर याच वाटेने जातं. ॲपिअरचा अर्थ ‘वाटणं’ असेल तर ‘ही ॲपिअर्स टायर्ड’, आणि रंगमंचावर किंवा न्यायालयात हजर होणं असेल तर ‘शी इज ॲपिअरिंग इन अ प्ले’. लुक हे थोडं सैल आहे, ‘यू लुक टायर्ड’ आणि ‘यू आर लुकिंग टायर्ड’ यांत फारसा फरक नाही.

हॅववर मात्र थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माझ्याकडे असणं, मला असणं, म्हणजे मालकी, नातं, आजार, गुण, या सगळ्यांना साधा काळ. ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ ‘शी हॅज अ फीव्हर.’ ‘वी हॅव अ शॉप इन सांगली.’ ‘डू यू हॅव चेंज?’ सुट्टे आहेत का विचारताना ‘आर यू हॅविंग चेंज?’ म्हणायचं नाही. पण हॅवला इंग्रजीत आणखी कितीतरी कामं दिली आहेत: जेवणं, चहा घेणं, अंघोळ करणं, बैठक घेणं, समारंभ करणं, त्रास होणं, मजा करणं. या सगळ्या घडामोडी आहेत, म्हणून ‘दे आर हॅविंग टी’, ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’, ‘ही इज हॅविंग ट्रबल विथ द इंजिन’, ‘शी इज हॅविंग अ बेबी’. हॅव काढून तिथे ‘आहे’ बसतंय की ‘चाललंय’ बसतंय, एवढं बघा. ताप ‘आहे’. जेवण ‘चाललंय’.

मुलाखतीत हमखास येणारं एक उदाहरण. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ असं विचारल्यावर बरेच उमेदवार ‘आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा’ किंवा ‘आय ॲम बिलाँगिंग टू सातारा’ म्हणतात. पहिल्याचा अर्थ मी आत्ता साताऱ्याहून निघून येतोय असा होतो. दुसरं प्रमाण इंग्रजीत बसतच नाही, कारण बिलाँगमध्ये कृती कुठल्याच अर्थाने नाही. ‘आय ॲम फ्रॉम सातारा’ किंवा ‘आय कम फ्रॉम सातारा’ म्हणा.

खरोखरच कायम स्थितिदर्शक म्हणता येतील अशी क्रियापदं थोडी आहेत, आणि यादी ठेवायचीच असेल तर ही ठेवा: नो, ओन, बिलाँग, कन्सिस्ट, कंटेन, सीम, डिझर्व्ह, मॅटर, ओ म्हणजे देणं लागणं. यांना चालू काळात बघण्याची वेळ जवळजवळ येत नाही. डिपेंड थोडं वेगळं आहे. ‘इट डिपेंड्स ऑन द वेदर’ मध्ये नुसता संबंध आहे, तिथे आयएनजी नाही. ‘आय ॲम डिपेंडिंग ऑन यू’ म्हणजे मी तुझ्या भरवशावर आहे, हे चालतं.

पाचवी पायरी: बीइंग

‘ही इज रूड’ आणि ‘ही इज बीइंग रूड’ यांतला फरक मराठीत दोन शब्दांत सांगता येतो: उद्धट आहे, उद्धटपणा करतोय. पहिलं वाक्य माणसाच्या स्वभावाबद्दल, दुसरं आत्ताच्या वागण्याबद्दल. एरवी गुणी असलेला मुलगाही एखाद्या संध्याकाळी उद्धटपणा करू शकतो. म्हणून घरात, वर्गात, कार्यालयात कोणाला काही सुनवायचं असेल तर बीइंग जास्त न्यायाचं ठरतं, त्यातून माणसावर शिक्का बसत नाही. ‘यू आर बीइंग अनफेअर’ ऐकणं ‘यू आर अनफेअर’ ऐकण्यापेक्षा कमी झोंबतं.

कसोटी सोपी: विशेषणाला ‘पणा करणं’ जोडता येतंय का? हट्टीपणा, मूर्खपणा, चांगुलपणा, आगाऊपणा, हे जमतं. उंचपणा करणं, भुकेलेपणा करणं जमत नाही. म्हणून ‘ही इज बीइंग टॉल’ आणि ‘आय ॲम बीइंग हंग्री’ चूक.

सहावी पायरी: ‘पासून’ आलं की सावध

मी त्याला पाच वर्षांपासून ओळखतोय. इथे मराठी ‘ओळखतोय’ म्हणते, आणि ‘पासून’ दिसलं की हॅव बीन आणि आयएनजी असं सूत्रही आपण शिकलेले असतो. दोन्ही मिळून ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ जन्माला येतं. स्थितीला हा पूर्ण चालू काळही चालत नाही, साधा पूर्ण काळ लागतो: ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स.’ तसंच ‘आय हॅव हॅड धिस फोन सिन्स 2021’, ‘शी हॅज वाँटेड टू बी अ नर्स सिन्स चाइल्डहुड’. हॅव हॅड हे कानाला विचित्र वाटतं म्हणून पुष्कळ जण ते टाळतात. टाळू नका, ते शुद्ध आहे.

राहणं आणि काम करणं यांना हा नियम नाही. ‘आय हॅव लिव्ड इन ठाणे फॉर 20 इयर्स’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग’, दोन्ही बरोबर. ‘आय लिव्ह इन ठाणे’ म्हणजे कायमचा मुक्काम, ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे’ म्हणजे सध्यापुरता. ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स 20 इयर्स’ मात्र दोन ठिकाणी चुकलं: काळ चुकला आणि फॉरऐवजी सिन्स आलं.

सातवी पायरी: नियम मुद्दाम मोडला जातो तेव्हा

इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते लोक यातली काही क्रियापदं चालू काळात वापरतात, आणि ती चूक नसते. मॅकडोनाल्ड्सने 2003 मध्ये ‘आय ॲम लव्हिन इट’ ही जाहिरातीची ओळ जगभर नेली. त्यात प्रेम ही कायमची स्थिती न राहता या क्षणी घेतला जाणारा आनंद झाली: खातोय आणि मजा येतेय. ‘हाउ आर यू लाइकिंग युअर न्यू जॉब?’ हा प्रश्नही तसाच, सध्याच्या अनुभवाबद्दलचा.

दुसरं ठिकाण बदलाचं. स्थिती हळूहळू वाढत किंवा कमी होत असेल तर ती पुन्हा ‘घडायला’ लागते, आणि आयएनजी परत येतं. ‘शी इज लुकिंग मोअर लाइक हर मदर एव्हरी डे.’ ‘पेट्रोल इज कॉस्टिंग अस मोअर अँड मोअर.’ अशा वाक्यात ‘मोअर अँड मोअर’ किंवा ‘एव्हरी डे’ यांसारखी खूण शोधा.

तिसरं ठिकाण नम्रतेचं, आणि नोकरी करणाऱ्यांनी हे जरूर उचलावं. ‘आय वाँट युअर हेल्प’ रोखठोक आहे. ‘आय वॉज होपिंग यू कुड हेल्प मी’ किंवा ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’ यात काळ भूत आहे आणि चालूही आहे, आणि दोन्हीमुळे मागणी मऊ होते: माझा विचार अजून पक्का नाही, तुम्हाला नाही म्हणायला जागा आहे. ‘विल यू बी नीडिंग एनीथिंग एल्स?’ हेही असंच आदबीचं. मेलमध्ये वरिष्ठांकडे काही मागताना ही रूपं फार उपयोगी पडतात.

इंग्रजीत चालू काळाचा प्रदेश गेली काही शतकं वाढतोच आहे. शेक्सपिअरच्या काळात, आज आपण जिथे डोळे मिटून आयएनजी लावू तिथेही साधा काळ चालत असे. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही आज शाळेत शिकवली जाणारी रचना 18 व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली आणि 19 व्या शतकात काही व्याकरणकारांनी तिला कडाडून विरोध केला. त्यामुळे आज ‘बोलीत चालतं’ म्हणून बाजूला ठेवलेली रूपं पुढे नियमात बसू शकतात. परीक्षेत मात्र आजचाच नियम लागतो.

आठवी पायरी: जिथे आयएनजी बिनधास्त लावावं

यादी पाठ करणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांकडून एक उलटी चूक होते. नोइंग, वाँटिंग, हॅविंग असा शब्द दिसला की ते तो चूक ठरवून मोकळे होतात. बंधन फक्त बी या सहायकानंतर येणाऱ्या आयएनजीवर आहे. ‘नॉट नोइंग व्हॉट टू से, ही केप्ट क्वाएट’ हे शुद्ध आहे. ‘स्टुडंट्स वाँटिंग टू अप्लाय’, ‘हॅविंग अ कार इज युसफुल’ हीसुद्धा. इथे आयएनजीवालं रूप विशेषणाचं किंवा नामाचं काम करतं, काळाशी त्याचा संबंध नाही.

त्याहून फसवं वाक्य: ‘अवर टीचर इज व्हेरी अंडरस्टँडिंग.’ इज आहे, आयएनजी आहे, क्रियापदही यादीतलं आहे, तरी वाक्य बरोबर. कारण इथे अंडरस्टँडिंग म्हणजे समजूतदार, ते विशेषण आहे. मागे व्हेरी लागतंय, ही खूण पुरेशी आहे.

एमपीएससी, एसएससी, बँकांच्या परीक्षा यांत चूक शोधण्याचा प्रश्न आला तर हाच क्रम ठेवा. आधी बघा की आयएनजीच्या मागे बी आहे का. असेल तर त्या वाक्यात क्रियापदाचा अर्थ काय, हे मराठीत सांगा. असणं, वाटणं, लागणं, दिसणं निघालं तर तीच चूक. करणं, घेणं, भेटणं निघालं तर चूक दुसरीकडे शोधा. अर्थावर घालवलेले पाच सेकंद पुढचा गोंधळ वाचवतात.

हात बसवण्यासाठी

ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग खाली बघा. आईला हा फोन हवाय. खोलीभर आंब्यांचा वास येतोय. आजी आंब्याचा वास घेऊन बघतेय. ही जमीन 1998 पासून आमच्या मालकीची आहे. ही जमीन आम्ही 1998 पासून कसतोय. ही पिशवी कोणाची आहे? तू आज फार हट्टीपणा करतोयस. मला तुझं म्हणणं पटतंय. मला हळूहळू गणित आवडायला लागलंय.

हवाय म्हणजे स्थिती, म्हणून ‘मदर वाँट्स धिस फोन’. वास येणं खोलीचा गुण, ‘द रूम स्मेल्स ऑफ मँगोज’, आणि वास घेणं आजीची कृती, ‘ग्रँडमदर इज स्मेलिंग द मँगो’. जमिनीची दोन वाक्यं मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. मालकी स्थिती आहे: ‘वी हॅव ओन्ड धिस लँड सिन्स 1998’. कसणं कृती आहे: ‘वी हॅव बीन फार्मिंग धिस लँड सिन्स 1998’. पिशवीसाठी ‘हू डज धिस बॅग बिलाँग टू?’ हट्टीपणा करणं म्हणजे वागणं, ‘यू आर बीइंग स्टबर्न टुडे’. पटतंयसाठी ‘आय अग्री विथ यू’ म्हणा. इथे ‘आय ॲम अग्री’ ही आणखी एक चूक सर्रास ऐकू येते. अग्री हे क्रियापद आहे, त्याच्या आधी ॲम लागत नाही.

शेवटच्या वाक्यात स्थिती बदलते आहे, त्यामुळे गप्पांमध्ये ‘आय ॲम लाइकिंग मॅथ्स मोअर अँड मोअर’ खपून जातं. लेखी उत्तरात ‘आय ॲम स्टार्टिंग टू लाइक मॅथ्स’ लिहा. त्यात बदलाचा भार स्टार्ट उचलतं, लाइक आपल्या साध्या रूपात राहतं, आणि कुठल्याही परीक्षकाला बोट ठेवायला जागा उरत नाही.